अवसेला पाहिलेलं घर

माझे कान लहानपणापासून हळवे. कुणाला दुधाचा वास सोसत नाही, कुणाला लोकर टोचते, तसा मला आवाज टोचतो. साताऱ्यात आम्ही राहत होतो ती जागा हवेशीर होती, पण शेजारचे गृहस्थ सकाळी गुळण्या करत. माणसानं गुळण्या कराव्यात, माझं काही म्हणणं नाही. पण हे गृहस्थ गुळणी घशात धरून तिच्यावर आलापी करत आणि शेवटी ती अंगणातल्या पत्र्यावर सोडत. समोर एक आजोबा होते, त्यांना जांभई आली की ती अर्ध्या पेठेला कळे. मागच्या घरातल्या बाई रोज दुपारी खलबत्त्यात काहीतरी कुटत. दोन वर्षं ऐकूनही त्या काय कुटतात ते मला उमगलं नाही. एकदा न राहवून विचारायला गेलो तर म्हणाल्या, "काही नाही." काही नाही कुटायला एवढा वेळ लागतो हे मला नवीन होतं.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. हा धंदा मी विचार करून निवडला होता. गणिताच्या मास्तराला पाढे ऐकावे लागतात, भाषेच्या मास्तराला कविता ऐकाव्या लागतात. चित्राला आवाज नसतो. टेबलावर एक तांब्या आणि दोन वांगी मांडायची, "काढा" म्हणायचं आणि खिडकीशी उभं राहायचं. चाळीस पेन्सिली कागदावर फिरतात त्याचीही एक खसखस होते, पण पगार मिळतो म्हणून ती मी सोसत असे.

घरी सोसायला मात्र मी तयार नव्हतो, आणि घरी आम्ही दोघंच होतो. म्हणजे सोसायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता.

माझी बायको उंब्रजची. तिच्या वडिलांचं मोठ्या रस्त्याला लागून गुळाचं आणि किराणाचं दुकान, मागं घर. पाच भाऊ, दारात दिवसभर बैलगाड्या, माल उतरवणाऱ्या हमालांचा कालवा. त्या घरात "मीठ दे" एवढं सांगायचं तरी ओरडून सांगत. ती हसायची ती मोठ्यानं, आणि हसणं संपता संपता तिच्या घशातून 'घुर्र' असा एक आवाज निघायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी गंमत सांगितली, ती हसली, ते घुर्र आलं, आणि मी म्हणालो, "हळू."

ते पहिलं 'हळू'. पुढं त्याची गणतीच राहिली नाही. बशी ठेवली, हळू. कडी लावली, हळू. फोडणी टाकली तरी हळू. मोहरीनं किती तडतडावं हे तिच्या हातात नव्हतं, पण मोहरी माझं ऐकत नसल्यामुळं मी बायकोलाच सांगे. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून बांगड्यांना गुंडाळल्या. पायातली जोडवी फरशीवर वाजू नयेत म्हणून ती पावलाच्या कडेवर चालायला शिकली. तिला शिंका येत त्या तीन, एकापाठोपाठ एक, आणि दणदणीत. मग ती शिंक आली की लगबगीनं परसाच्या टोकाला जाऊन शिंकून येई. पापड ती आमटीत बुडवून, चांगला मऊ करून खाई. मला वाटे, तिला तसाच आवडतो.

तिसऱ्या वर्षी भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. चार दिवसांत यायची ती आठ दिवस झाले तरी आली नाही, तिचं पत्र आलं. अक्षर तिचंच, ओळी मोजक्या: "तुमच्या घरात मला श्वास घ्यायची भीती वाटते. जिथं तुम्ही मला हळू म्हणणार नाही असं घर बघा. मिळालं तर कळवा, मी येईन. नाही मिळालं तर मी इथं बरी आहे."

ते पत्र मी उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, मग जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचलं. घर आता मला पाहिजे होतं तसं शांत झालं होतं आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. मला ती हवी होती. एवढं मला कळलं, पण पत्र मात्र मला मुळीच कळलं नाही. मी त्याचा असा अर्थ लावला, की हिला शांत घर पाहिजे. बाहेरचा गोंगाट नसला की माझं डोकं थंड राहील, डोकं थंड राहिलं की मी तिला हळू म्हणणार नाही. यात काही चूक असेल असं मला वाटलंच नाही. मी शिकलेला माणूस होतो.

योग असा, की दिवाळीनंतर मला सांगलीच्या एका शाळेत नोकरी लागली. एका खानावळीच्या माडीवर उतरून मी घर शोधायला लागलो. एक जागा हळदीच्या बाजाराजवळ होती, तिथं गाड्यांच्या चाकांना वंगण घालायची पद्धतच नव्हती. एक नदीकाठी होती, खाली धुणी आपटत. मिरजेला एक खोली फार देखणी होती, पण खालच्या मजल्यावर तंबोरे करणारा कारागीर. तो एक तार छेडी, डोळे मिटून ऐके, तारेखालची घोडी जराशी घासे, पुन्हा तीच तार छेडी. मी तासभर उभा राहिलो तेवढ्या वेळात त्याचं त्या तारेनं समाधान झालं नाही. हा माणूस माझ्यापेक्षा हळवा निघाला. एका छपराखाली असे दोघं नकोत म्हणून मी तिथून निघालो.

मग एक घरमालक भेटले. बोलणं मवाळ, हसणं त्याहून मवाळ. म्हणाले, "दोन खोल्या, ओटा, मागं परस. बघायचं तर सोमवारी या." आणि जरा थांबून म्हणाले, "सोमवारी अवस आहे हं. तुम्ही मानत असाल तर राहू द्या."

"मी असलं काही मानत नाही," मी म्हणालो.

"वा, वा," ते म्हणाले. "तुमच्यासारखी सुधारलेली माणसं हल्ली भाडेकरू म्हणून मिळत नाहीत."

खानावळीतल्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "आवं मास्तर, अवसंला कुनी घर बगतं व्हय?" मी त्यांना अंधश्रद्धेवर थोडक्यात व्याख्यान दिलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मला करपलेली भाकरी वाढली.

सोमवारी गेलो. मालक मला आळीतून भरभर नेत होते आणि कुजबुजत बोलत होते. ती आळी बघून माझे डोळे भरून आले. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. ओट्याओट्यांवर माणसं पाय पसरून बसली होती, कुणी पान लावतंय, कुणी दाढी करून घेतंय. आणि प्रत्येक ओट्यावर भांडी! घागरी, हंडे, घंगाळी, पराती, काही पालथ्या, काही उताण्या, काही एकात एक. तांब्यावर ऊन पडलं होतं. आता, ड्रॉइंग मास्तरला भांडं दिसलं की तो त्याचा घेर बघतो, सावली कुठं पडली ते बघतो. ते गोल कुणी केलं आणि कशानं केलं, हा प्रश्न त्याला पडत नाही. या आळीतल्या माणसांना मांडणीची केवढी दृष्टी आहे, असं मी मालकांना म्हणालोसुद्धा. ओट्यांच्या कडेला जमिनीत लोखंडी खुंट पुरलेले होते. ते गुरं बांधायला असावेत असं मला वाटलं. गुरं कुठं दिसली नाहीत, चरायला गेली असतील.

"आळी कुणाची?" मी विचारलं.

"भल्या माणसांची," मालक म्हणाले, आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्याच दिवशी मी साताऱ्याहून आणलेलं सामान तिथं हलवलं आणि उंब्रजला कार्ड टाकलं: "घर मिळालं. इथं लिंबाचं पान गळलेलं ऐकू येतं. ये."

मंगळवारी सूर्य उगवला आणि समोरच्या ओट्यावर पहिला ठोका पडला. मला वाटलं, कुणाचं काहीतरी पडलं. मग दुसरा ठोका पडला, तिसरा पडला. शेजारच्या ओट्यावरून त्याला उत्तर आलं, मग पलीकडून, मग मागच्या बाजूनं. बघता बघता आळीतल्या झाडून सगळ्या ओट्यांवर हातोडे चालू झाले. माझ्या तांब्यातलं पाणी थरथरायला लागलं. मी दारात आलो. कालची तीच भली माणसं मांडी घालून बसली होती, ते गुरांचे खुंट घागरींच्या पोटात गेले होते आणि वरून दणादण हातोडे पडत होते.

ती तांबट आळी होती. तांबट, लोहार, सुतार, आमच्याकडचे सगळेच कारागीर अवसेला हत्याराला हात लावत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शेंबड्या पोराला माहीत असतं. पण मी अवस मानत नसल्यामुळं त्या दिवशी कोण काय करत नाही, तेही ध्यानात ठेवलं नव्हतं. ज्यानं अवस मानली असती तो त्या दिवशी घर बघायला गेलाच नसता, आणि दुसऱ्या दिवशी गेला असता तर कोपऱ्यावरूनच परत फिरला असता. आगीतून निघून फुफाट्यात पडायला सुधारकच लागतो. मालकांना गाठून जाब विचारला तर ते मवाळ हसून म्हणाले, "अवस आहे हे मीच तुम्हाला आधी सांगितलं की हो."

कानांत तेलाचा कापूस घातला, उपयोग झाला नाही. मग मला एक युक्ती सुचली. कणीक मळून तिचे दोन गोळे कानांत घट्ट बसवले. पहिला तासभर बरं वाटलं. मग कणीक वाळली, आवाज होता तेवढाच येत राहिला, आणि गोळे काही निघेनात. दुसऱ्या दिवशी मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. ते बराच वेळ माझ्या कानात बघत राहिले.

"हे काय आहे?"

"कणीक."

"गव्हाची?"

"गव्हाची."

"लढाई संपली तरी आमच्याकडं अजून रेशनचा गहू पुरत नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही कानात घालता?" चिमट्यानं त्यांनी दोन्ही गोळे काढले आणि बशीत ठेवले. पुन्हा कान तपासले आणि म्हणाले, "तुमचे कान उत्तम आहेत. फारच उत्तम आहेत. याला माझ्याकडं औषध नाही."

परत आलो तर दारात उत्तर येऊन पडलं होतं. गुरुवारी ती भावाबरोबर सर्व्हिसच्या मोटारीनं येत होती.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. समोरच्या ओट्यावर एक म्हातारे तांबट बसत, आळी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "जरा हळू ठोकता येईल का?" त्यांनी हसून मान हलवली आणि ठोकत राहिले. मी जरा मोठ्यानं म्हणालो. त्यांनी पान पुढं केलं. तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी छाती भरून घेतली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. नेमकं त्याच वेळी म्हाताऱ्यानं मला काहीतरी सांगायचं आहे हे ओळखून हात वर केला होता, आणि सगळी आळी एका क्षणात थांबली होती. त्या शांततेत माझं एकट्याचं "हळूऽऽ!" घुमलं. माळवदावरची कबुतरं उडाली. त्या दिवसापासून आळीत माझं नाव 'हळू मास्तर' पडलं.

"मास्तर," म्हातारे शांतपणे म्हणाले, "हळू ठोकलं तर घागर व्हत न्हाई. तिच्या मनात यील ते व्हतंय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पत्र सांगितलं, कार्ड सांगितलं, बायको परत जाईल याची मला वाटणारी भीतीही सांगितली. एवढं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजूबाजूची माणसं हातोडे मांडीवर ठेवून ऐकत बसली.

"मग खोटं कशापायी लिवलं?"

"खोटं नव्हतं. अवस होती."

म्हाताऱ्यांनी हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "लगीनसराई हाय, दिसभर काय थांबता येत न्हाई. पर वैनींचा टांगा आळीत शिरला की थांबतो. त्या घरात जाऊन टेकूस्तवर कुनी हात उचलनार न्हाई. म्होरचं तुमी बगा."

गुरुवारी टांगा वळणावर दिसला आणि आळी गप्प झाली. माणसं हातोडे पाठीमागं लपवून, दोषी चेहऱ्यानं, आकाशाकडं बघत बसली होती. मेव्हणा तिची ट्रंक घेऊन टांग्यातून उतरला, त्यानं ओट्यांकडं बघितलं, खुंटांकडं बघितलं. तो दुकानदाराचा मुलगा होता, चित्रकार नव्हता.

"दाजी, ही तर तांबट आळी दिसतीया."

"शांत आहे," मी म्हणालो.

"लय शांत हाय. कोन गेलंबिलं का काय?"

बायको पावलाच्या कडेवर चालत आत आली, माजघर पाहिलं, परस पाहिलं, आणि खाली बसून तिनं गाठोडं सोडलं. पहिली वस्तू बाहेर काढली ती चिंध्यांची गुंडाळी. माहेरी एवढे दिवस बांगड्या मोकळ्या होत्या, त्या ती आता एकेक करून गुंडाळायला लागली. मान खाली होती. मला त्या क्षणी आपली फार लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर एकदम सगळे हातोडे सुरू झाले.

मी डोळेच मिटून घेतले. आता ही उठणार, गाठोडं बांधणार, आणि भाऊ तयारच उभा आहे. थोड्या वेळानं डोळे उघडले तर ती तशीच बसली होती, डोकं जरा कलतं करून, ऐकत. मग तिनं फळीवरचं एक झाकण उचललं, माझ्याकडं बघत हात लांब केला, आणि सोडून दिलं. झाकण फरशीवर पडून गरगरलं. मला काहीच ऐकू आलं नाही. तिनं दुसरं सोडलं. मग कळशी आडवी केली. मग ती काहीतरी बोलली.

"काय?" मी ओरडलो.

ती हसायला लागली. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला ते नुसतं दिसत होतं. तिनं जवळ येऊन माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडली, "तुम्ही इतके दिवस शांत घर शोधत होता! शांत घरात मीच एकटी वाजते हो!"

बांगड्यांच्या चिंध्या तिनं तिथंच सोडल्या. मेव्हणा चहा पिऊन, कानावर हात ठेवून, एकटाच परत गेला.

पुढचा महिना तिचा होता. ती भांडी घासायची ती आपटत, दारं लावायची ती लाथेनं. शेजारणींशी ती परसातून ओरडून बोलायची आणि त्या तिच्याशी. एक दिवस जेवताना तिनं भाजलेला पापड घेतला आणि कोरडाच दातांखाली मोडला. माझ्याकडं बघत तिनं सगळा पापड संपवला, आणि तेव्हा मला कळलं की तिला मऊ पापड मुळीच आवडत नाही. दोन वर्षं तिनं तो तसा खाल्ला होता. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

मी सुखात होतो असं मात्र कुणी समजू नये. माझं डोकं ठणकत असे. शाळा सुटली तरी मी वर्गात बसून राही, शिपाई कुलूप घेऊन आला की उठे. मी तिला हळू म्हणत नव्हतो यात माझा काही मोठेपणा नव्हता. म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं. आणि हे तिलाही ठाऊक होतं. कारण तिनं ट्रंक उघडली होती, पण रिकामी केली नव्हती. लागेल ते लुगडं काढायची, धुऊन घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवायची. एकदा मी विचारलं, म्हणजे ओरडून विचारलं, की फडताळ रिकामं आहे, त्यात का ठेवत नाहीस?

"अवस होऊ दे," ती ओरडून म्हणाली. "तांबट गप्प बसतात त्या दिवशी तुम्ही काय म्हणता ते बघते, मग ठेवते!"

मी मनाशी पक्कं केलं, काय वाटेल ते होवो, त्या दिवशी तोंडातून तो शब्द काढायचा नाही.

मार्गशीर्षातली अवस आली ती नेमकी शाळेच्या सुट्टीच्या दिवशी. सकाळी जाग आली आणि बाहेर काही नव्हतं. नुसती शांतता! मी ओट्यावर चहा घेऊन बसलो. लिंबाचं पान गळलं, ते ऐकलं. समोर म्हातारे तांबट न्हाव्यापुढं गाल फुगवून बसले होते, वस्तऱ्याची करकर मला इथपर्यंत ऐकू येत होती आणि ती पण गोड वाटत होती. चहा संपेपर्यंत मी इतका सुखी होतो की ट्रंकेची आठवणसुद्धा झाली नाही. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की घरातूनही काही आवाज येत नाही.

आत गेलो. ती चुलीपाशी होती. कढई दोन्ही हातांनी धरून, तान्हं मूल निजवावं तशी ती खाली टेकवत होती. बांगड्यांना चिंध्या होत्या. ती उठून मागच्या दाराकडं गेली ती पावलाच्या कडेवर. मी एक शब्द बोललो नव्हतो. बोलायचं नाही हे मी ठरवलं होतं आणि मी ते पाळत होतो, पण त्याचा काही उपयोगच नव्हता. माझ्या वतीनं ती शांतताच तिला हळू म्हणत होती. दोन वर्षांत मी तिच्या अंगात काय मुरवलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

तेवढ्यात तिला शिंक आली. परस लांब होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाक दाबलं, डोळे गच्च मिटले. तिचा चेहरा लालबुंद झाला. शिंक जिरली. मग दुसरी आली, तीही तिनं जिरवली, आणि तिसरीसाठी भिंतीचा आधार घेतला.

मला राहवलं नाही. न्हाणीत तिच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ होतं, ते उचललं. खलातला बत्ता घेतला. ओट्यावर आलो, घंगाळ पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी बत्ता हाणला. कानात कळ उठली, ती पार दातांपर्यंत गेली. पुन्हा हाणला. मला ठोकता येत नव्हतं, ताल नव्हता, काही नव्हतं. मी नुसता बडवत होतो आणि मोठ्यानं ओरडत होतो, "शिंक! शिंक की! किती शिंकायचं ते शिंक!"

समोर न्हाव्याचा हात चुकला. दारं उघडली, आळी ओट्यांवर गोळा झाली. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल कोरा, अशा अवतारात म्हातारे तांबट रस्ता ओलांडून आले.

"आवं मास्तर! आज अवस हाय!"

"मी अवस मानत नाही," मी म्हणालो आणि आणखी एक हाणला.

"तुमी न्हाई मानत, आमी मानतो न्हवं?" म्हातारे रडकुंडीला आले होते. "म्हैन्यातनं येकच दिस मिळतोय कानाला. आमचंबी कान हायती. जरा हळू, मास्तर! जरा हळू!"

मी थांबलो. बत्ता हातातच राहिला. आळी चिडीचूप उभी होती, आणि माझ्या पाठीमागं दारातून शिंक आली. एक, दोन, तीन. मग ती हसायला लागली. महिनाभर मी तिचं हसणं नुसतं बघत होतो, आता ऐकलं. पहिल्या आठवड्यात होतं तेवढंच मोठं होतं, आळीच्या टोकापर्यंत गेलं असेल. शेवटी ते घुर्र आलं. मी वाट बघत होतो त्याची.

घंगाळाला चांगला हातभर पोचा पडला होता. म्हातारे म्हणाले, उद्या काढून देतो, आज हत्याराला हात लावणार नाही. ती आत गेली. ट्रंकेच्या कडीचा आवाज झाला, मग फडताळाचं दार वाजलं, चांगलं दणकन.